सही करू का, ताई?

«ताई, आम्ही न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीत राहतो. गल्लीच्या कोपऱ्यावरचं रँच घर मार्चमध्ये विकलं गेलं. घेणारं कुटुंब नाही, एक संस्था आहे. पाच मोठी माणसं राहणार आहेत म्हणे आणि चोवीस तास स्टाफ. दारात रॅम्पचं काम सुरू झालं तेव्हा आम्हाला पत्ता लागला, टाउनशिपने एका शब्दाने कळवलं नाही. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज शंभर मेसेज पडतात. कुणी म्हणतं ग्रुप होम, कुणी म्हणतं हाफवे हाऊस, ड्रग्जवाले येणार, कुणी तर म्हणतं तुरुंगातून सुटलेले. झोनिंगमध्ये बदल करून, अशा दोन घरांत अंतराची अट घालून हे थांबवा, अशी पिटिशन फिरते आहे. ह्यांचं म्हणणं, सही कर, आयुष्याची कमाई या घरात आहे. मुलगी आठवीत आहे, शाळेची बस त्याच कोपऱ्यावर थांबते. मला सही करवत नाही, आणि नाही म्हणावं तर सगळे आपलेच लोक. माझा धाकटा भाऊ जरा मागे आहे, कोल्हापूरला आई-बाबांजवळ असतो. हे इथे कुणाला माहीत नाही. काय करू?
— सहीपाशी अडलेली»

सही करू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं पत्र तुम्ही जीव मुठीत धरून वाचणार नाही. कारणं मात्र नीट सांगते, कारण ग्रुपवर तुम्हाला कुणी ना कुणी विचारणारच, आणि «ताईंनी सांगितलं» हे उत्तर तिथे चालायचं नाही.

आधी ते घर कसलं आहे ते बघू. तुमच्या ग्रुपवर तीन वेगळ्या गोष्टींची एकच भाजी झाली आहे. ग्रुप होम म्हणजे बौद्धिक अपंगत्व किंवा मानसिक आजार असलेल्या माणसांचं कायमचं घर, तिथे स्टाफ पाळ्यांनी असतो आणि राज्याचं लायसन्स लागतं. सोबर होम म्हणजे दारू किंवा ड्रग्ज सोडलेल्या माणसांनी मिळून घेतलेलं घर. तिथे बहुधा स्टाफ नसतोच. भाडं वाटून घेतात, कामं वाटून घेतात आणि जो पुन्हा प्यायला त्याला बाकीचेच बाहेर काढतात. ऑक्सफर्ड हाऊस नावाची अशी घरं 1975 पासून चालू आहेत, पहिलं मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगला सुरू झालं. आणि तिसरं, शिक्षा संपत आलेल्या कैद्यांना बाहेरच्या जगाची सवय व्हावी म्हणून ठेवतात ते हाफवे हाऊस. रॅम्प, पाच माणसं आणि चोवीस तास स्टाफ, हे तुमचं वर्णन पहिल्या प्रकाराचं आहे. तुरुंगातून सुटणाऱ्यांसाठी कुणी दारात व्हीलचेअरचा रॅम्प बांधत बसत नाही.

हा फरक नुसता शब्दांचा नाही, सगळा कायदा त्यावर उभा आहे. 1968 च्या फेअर हाउसिंग ॲक्टमध्ये 1988 साली दुरुस्ती झाली आणि अपंगत्वावरून घर नाकारणं बेकायदेशीर ठरलं. नाकारणारा घरमालक असो की झोनिंग करणारं गाव. व्यसनातून बाहेर पडलेला माणूसही त्यात बसतो. आज बेकायदा ड्रग्ज घेणारा बसत नाही. आणि शिक्षा भोगलेला माणूस, केवळ त्या कारणाने, बसत नाही. म्हणून कैद्यांच्या हाफवे हाऊसला गाव म्हणू शकतं, तुमची जागा इंडस्ट्रियल भागात, शाळेपासून इतकी लांब. ते बरं की वाईट यावर माझं मत वेगळं आहे, पण तो आज तुमचा प्रश्नच नाही.

आता झोनिंग, म्हणजे कुठल्या भागात काय बांधता-चालवता येईल ते ठरवणारे गावाचे नियम. पिटिशनमध्ये म्हटलं आहे की ही वस्ती सिंगल फॅमिली झोनमध्ये आहे आणि संस्था म्हणजे फॅमिली नव्हे. वाचायला पटतं. पण न्यू जर्सीच्या म्युनिसिपल लँड यूज लॉमध्ये सरळ लिहिलं आहे की अशी कम्युनिटी रेसिडेन्स प्रत्येक रहिवासी झोनमध्ये चालतील आणि त्यांना लागणाऱ्या अटी त्या झोनमधल्या सिंगल फॅमिली घरासारख्याच असतील. एका घरात पंधरा माणसांपर्यंत त्या व्याख्येत बसतात. तुमच्याकडे पाच येताहेत. टाउनशिपने कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं तिच्यासमोर काही आलंच नाही. ना व्हेरियन्स (म्हणजे झोनिंगच्या नियमातून सूट) मागितला, ना सुनावणी झाली. रॅम्पचं बांधकाम परमिट काढलं की संपलं. तुम्ही घर घेतलंत तेव्हा तरी टाउनशिपने कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्यांना कुठे पत्र पाठवलं होतं?

नदीपलीकडे न्यूयॉर्क राज्यात राहत असतात तर गोष्ट थोडी निराळी होती. तिथे 1978 चा पॅडव्हन कायदा आहे. त्यात संस्थेला आधी गावाला कळवावं लागतं आणि गावाला उत्तर द्यायला चाळीस दिवस मिळतात. जागा मान्य करा, दुसरी सुचवा, किंवा या भागात अशी घरं आधीच फार झाली आहेत असं दाखवून द्या. एवढंच. «आम्हाला नको» हा पर्याय तिथेही नाही.

न्यू जर्सीच्या कायद्यातही एकेकाळी मेख होती. सहापेक्षा जास्त माणसं असतील तर गाव वेगळी परवानगी मागू शकायचं, दोन घरांत 1500 फुटांचं अंतर नसेल तर नाही म्हणू शकायचं, गावातल्या अशा माणसांच्या एकूण संख्येवरही मर्यादा होती. 1996 साली फेडरल कोर्टाने त्या अटी टिकू दिल्या नाहीत. तुमच्या पिटिशनमधली «अंतराची अट घाला» ही मागणी, लिहिणाऱ्याला माहीत असो वा नसो, तिथलीच आहे. गावाने ती उद्या मान्य केली तर संस्था कोर्टात जाईल, आणि वकिलांचे पैसे तुमच्याच प्रॉपर्टी टॅक्समधून जातील. हे ह्यांना जरूर सांगा. पुरुषमाणसांना टॅक्सची भाषा लवकर कळते.

अंतराचा मुद्दा मी सगळाच उडवून लावणार नाही. मिनेसोटात सेंट पॉलला एका संस्थेची दीड-दोन ब्लॉकमध्ये अठरा घरं होती, 119 माणसांची. तिला आणखी तीन हवी होती. शहर म्हणालं, पाव मैलाचं अंतर ठेवा, नाहीतर तुम्ही वस्तीच्या आत दुसरं इस्पितळच उभं करताय. 1991 मध्ये तिथल्या अपील कोर्टाने शहराची बाजू घेतली. पाच वर्षांनी, 1996 मध्ये, मिशिगनच्या प्रकरणात दुसऱ्या अपील कोर्टाने 1500 फुटांचा नियम मोडीत काढला. म्हणजे यावर शहाण्या माणसांचंही एकमत नाही. पण अठरा घरं आणि एक घर यांत फरक आहे, आणि तुमच्या कोपऱ्यावर एकच आहे.

«फॅमिली» या शब्दावर मात्र मला जरा थांबायचं आहे, कारण तो शब्द आपल्याच अंगावर येण्यासारखा आहे आणि ग्रुपवर तो कुणाच्या लक्षात आलेला दिसत नाही.

ओहायोत ईस्ट क्लीव्हलंड नावाचं गाव आहे. तिथे इनेझ मूर नावाच्या आजी मुलगा आणि दोन नातवंडांबरोबर राहत होत्या. एक नातू त्या मुलाचा, दुसरा दुसऱ्या मुलाचा. त्याची आई वारली म्हणून तो आजीकडे आला होता. गावाच्या झोनिंगमध्ये «फॅमिली» कुणाला म्हणायचं ते लिहून ठेवलं होतं, आणि चुलतभाऊ त्यात बसत नव्हते. सख्खे असते तर चाललं असतं. आजींना पाच दिवसांची कैद आणि 25 डॉलर दंड झाला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, 1977 मध्ये आजी जिंकल्या. आपल्याकडे कुणाच्या घरी चुलतभाऊ वाढले नाहीत, सांगा.

आणि तुमच्यापासून फार लांब नाही, प्लेनफिल्डला एका पाद्र्याने आपल्या घरात दुसरी एक आई आणि तिची मुलं ठेवून घेतली, दोन्ही घरं मिळून एकच संसार. गावाने खटला भरला, नात्यात नसलेली इतकी माणसं एका घरात चालणार नाहीत म्हणून. 1979 मध्ये न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की रक्ताच्या नात्यावरून घर मोजायचं नाही, चूल एक आहे का ते बघा. शब्द माझे आहेत, कोर्टाने अर्थातच «चूल» म्हटलं नाही, «एकच घरसंसार चालवणारी माणसं» अशा अर्थाचं म्हटलं. पण मराठी माणसाला ते चुलीवरून लगेच कळेल.

मी या देशात आले तेव्हा आमच्या घरात आम्ही दोघं, दीर-जाऊ, त्यांचा मुलगा आणि सहा महिने सासू-सासरे. दाराबाहेर चपला-बुटांचे अकरा-बारा जोड असायचे, हिवाळ्यात त्यांवर बर्फ पडायचा. समोरच्या बाईंनी गावाकडे तक्रार केली, या घरात बेकायदा भाडेकरू आहेत. इन्स्पेक्टर आला तेव्हा सासूबाई पोळ्या लाटत होत्या. त्याने खोल्या मोजल्या, बेसमेंटमध्ये पलंग आहे का ते बघितलं, आमची आडनावं विचारली, आणि सगळ्यांचं एकच आडनाव आहे म्हटल्यावर गेला. एकच आडनाव नसतं तर? धाकटी नणंद लग्नानंतर आमच्याकडे राहिली असती तर? हे मी तेव्हा मनात आणलं नाही. आम्ही नुसते चपला आत ठेवायला लागलो.

तर, ज्या हत्याराने तो कोपरा बंद करायची खटपट चालली आहे, ते आपल्या दारावरही चाललेलं आहे.

आता भीतीचं बोलू. कारण मुलगी आठवीत आहे आणि बस तिथे थांबते, ही गोष्ट मी «पूर्वग्रह» म्हणून बाजूला सारणार नाही. आईच्या पोटात गोळा येतो तो येतोच. टेक्सासमध्ये क्लेबर्न नावाच्या गावात 1980 साली नेमका हाच गोळा आला होता. 201, फेदरस्टन स्ट्रीट, चार बेडरूमचं घर. तिथे तेरा मतिमंद स्त्री-पुरुष राहणार होते (तेव्हाचा शब्द तोच), सोबत स्टाफ. गावाने खास परमिट मागितलं आणि ते नाकारलं. कारणं वाचा आणि तुमची पिटिशन शेजारी ठेवा. शेजाऱ्यांना भीती वाटते. समोर शाळा आहे, तिथली मुलं या लोकांना त्रास देतील. जागा पुराच्या पट्ट्यात आहे, कसल्या तर पाचशे वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या. घरात माणसं फार होतील.

1985 मध्ये सुप्रीम कोर्टाने एकेक कारण हातात घेऊन बघितलं. त्या समोरच्या शाळेत अशीच तीसेक मुलं आधीपासून शिकत होती. पूर आला तर नर्सिंग होमलाही येईल, पण नर्सिंग होमला परमिट लागत नव्हतं. तेरा माणसं जास्त म्हणावीत, तर त्याच घरात तेरा कॉलेजची पोरं राहायला आली असती तर कुणी काही बोललं नसतं. बोर्डिंग हाऊसला, वसतिगृहाला, फ्रॅटर्निटी हाऊसलाही परमिट नको होतं. गाळून गाळून खाली उरली ती नुसती नावड, आणि तेवढ्यावर गावाला घर नाकारता येत नाही असं कोर्टाने सांगितलं. गंमत म्हणजे त्या कोर्टाने या लोकांना कायद्याचं खास संरक्षण द्यायला नकारच दिला होता. साध्यातली साधी कसोटी लावली, आणि गाव त्या साध्या कसोटीलाही उतरलं नाही.

कुणी एक विशिष्ट माणूस खरोखर धोकादायक असेल तर कायदा डोळे मिटून बसत नाही. तेवढी सूट त्यात ठेवलेली आहे. पण त्या एका माणसाचं वागणं दाखवावं लागतं. «असे लोक» म्हणून चालत नाही.

ग्रुपवर कुणीतरी म्हणेल, सही करणं हाच गुन्हा आहे, पोलिस येतील. ते खोटं आहे. बर्कलीत एका मोटेलचं बेघरांसाठी घर करायला तिघा शेजाऱ्यांनी विरोध केला, तर फेडरल खात्यानेच त्यांच्यामागे चौकशी लावली. 2000 साली कोर्टाने त्या खात्याला चांगलंच फटकारलं. पिटिशन करणं हा त्यांचा हक्क आहे. तुमच्या शेजाऱ्यांचाही आहे. गाव जर त्या सह्या पाहून हलायला लागलं तर मात्र गाव अडकतं, आणि तेव्हा सभेत कोण काय बोललं ते कोर्टात वाचून दाखवतात. म्हणून या सभांमध्ये सगळे अचानक पार्किंगवर बोलतात. मी अशा एका सभेला बसले आहे. प्रत्येकाला तीन मिनिटं, पुढे हिरवा-पिवळा-लाल दिवा. चौदा जण बोलले, चौदाही जण ट्रॅफिकवर. त्यातला एक गृहस्थ लाल दिवा लागल्यावर खाली बसता बसता बायकोला हळूच म्हणाला, आणि माइक चालूच होता, «मुख्य मुद्दा तर बोलताच आला नाही.»

पार्किंगचा खरा प्रश्न असेल तर तो विचाराच. विचारायला सभा लागत नाही. रॅम्पचं काम करणाऱ्या माणसाकडून संस्थेचं नाव घ्या, फोन करा, मॅनेजरला भेटा. सकाळ-दुपार-रात्र पाळी बदलते तेव्हा किती गाड्या येतात आणि कुठे लागतात. रात्री जागा असणारा माणूस असतो की झोपणारा. काही झालं तर कुणाचा नंबर लावायचा. कचऱ्याचे डबे कोण बाहेर काढणार. कोण राहायला येणार, कुणाला काय आजार आहे, हे विचारू नका. ते सांगणार नाहीत आणि सांगूही नये. मॅनेजरने नंबर द्यायला टाळाटाळ केली तर मग तक्रार जरूर करा, राज्याच्या लायसन्सिंग खात्याकडे. वाईट चालवलेली घरंही असतात, त्यांना वेळीच जाब विचारणारा शेजारी लागतो.

घराच्या किमतीचं ह्यांना सांगा: या विषयावर अमेरिकेत कित्येक वर्षं अभ्यास झाले आहेत आणि बहुतेकांत शेजारच्या किमती पडल्याचं दिसलेलं नाही. शाळा आणि ट्रेन स्टेशन किती लांब आहे यावर तुमचं घर विकलं जाईल. चार-पाच महिने दारात «थांबवा» असे बोर्ड लावून ठेवले तर मात्र गिऱ्हाईक विचारेल, इथे चाललंय काय?

ग्रुपवर काय लिहायचं हे तुम्ही विचारलं नाही, पण अडलंय तिथेच. भांडू नका, कायद्याची कलमं फेकू नका, आणि «मला पटत नाही» एवढंच लिहून गायबही होऊ नका, मग पाठीमागे बोलतात. असं काहीतरी लिहा: «मी सही करत नाहीये. न्यू जर्सीत अशा घराला सिंगल फॅमिलीचेच नियम लागतात, म्हणून यातून काही निघणार नाही असं मला वाटतं. शनिवारी मी तिथल्या मॅनेजरला भेटायला जाणार आहे, पार्किंग आणि फोन नंबर विचारायला. कुणाला यायचं असेल तर सोबत या.» शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. दोन जणी तरी येतील, बघा. सही करणाऱ्यांतल्याच येतील.

भावाचं त्यात लिहायची गरज नाही. ते तुमचं आहे, सांगायचं तेव्हा, सांगायचं त्याला सांगा. पण तुमच्या पत्रात ते वाक्य सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात लहान होतं, म्हणून त्याच्याबद्दल मी विचारते. आई-बाबांचं वय काय? त्यांच्या मागे तो कुठे राहणार, याचा विचार कुणी केला आहे का? तुमच्या कोपऱ्यावर जी पाच माणसं येताहेत, त्यांतल्या एखाद्याच्या घरी हा प्रश्न तुमच्या आधी पडून गेला असेल. कुणाची तरी ऐंशीची आई आता हातापायाने थकली म्हणून ते घर हवं आहे.

भारतात «जरा मागे आहे» यावर भागवण्याचे दिवस गेले. मूल अठराचं झालं की कागदावर आई-बाप त्याचे पालक राहत नाहीत. बौद्धिक अपंगत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असेल तर 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली कायदेशीर पालक नेमून घेता येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, तिच्याकडे अर्ज करायचा. कोल्हापूरच्या कलेक्टर ऑफिसात चौकशी केली की रस्ता सापडेल. त्याच ट्रस्टची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंतची, आणि मोठ्या वयाच्या माणसांच्या निवासासाठी घरौंदा नावाची आहे. अशी घरं आपल्याकडे मोजकीच आहेत, म्हणून शोध आई-बाबा धडधाकट असतानाच सुरू करायला हवा. आणि घर मिळालंच, तर तिथेही शेजारी असतील, सोसायटी असेल.

डिसेंबरमध्ये जाणार असाल तर दोन कामं करून या. भावाचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, निघालं आहे का ते बघा, नसेल तर सिव्हिल हॉस्पिटलमधून अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढायला लावा. आणि एका संध्याकाळी बाबांना एकटं गाठून पालकत्वाच्या अर्जाचं बोला. आईसमोर काढू नका, ती रडेल आणि विषय तिथेच मिटेल. काय झालं ते मला कळवा. शनिवारच्या भेटीचंही.